लहान चारचाकी गाडी : तिची डागडुजी व तिला मागें घेणें

पावसाळा सरून द्राक्षबागांच्या छाटणीची गडबड सुरू झाली, कीं आमच्या भागांत भंगारवाल्यांचे टेंपो फिरूं लागतात. गेल्या छाटणीच्या सुमारास आमच्या शिवेवरील एका बागायतदारानें लहान ट्रॅक्टरामागें ओढावयाची आपली चारचाकी गाडी किलोच्या भावानें विकून टाकिली. सांगाडा शाबूत होता, चाकें शाबूत होतीं. सडलें होतें तें केवळ तळ. विकण्याचें कारण विचारतां ते म्हणाले, "अण्णा, पुढें चालते तोंवर ठीक आहे. मागें घ्यायची म्हटली कीं ऐकतच नाहीं." हेंच कारण आम्ही यापूर्वीं आणखी तिघांच्या तोंडून ऐकलें आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

आमचें मत प्रथमच सांगून टाकितों. अशी गाडी मोडींत काढणें हा तोट्याचा व्यवहार आहे. परंतु ती नुसती रंगवून पुनः कामास जुंपणें हा त्याहून वाईट व्यवहार आहे. गाडीची दुरुस्ती आणि ती मागें घेण्याची विद्या हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, आणि दुसरें अंग वगळून केलेली दुरुस्ती माणसाच्या जिवावर येऊं शकते. हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. त्याची किंमत आमच्या घरच्या गड्यानें आपल्या पायानें भरली. ती हकीगत पुढें येईल.

ज्या वाचकांच्या घरीं ही गाडी नाहीं, त्यांस तिची ओळख करून देणें अवश्य आहे. दोनचाकी ट्रॉली सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या मालाचा कांहीं भार दांड्यावाटें ट्रॅक्टरावर येतो. चारचाकीचें तसें नाहीं. तिचा सारा भार तिच्याच चार चाकांवर असतो. पुढचा आंस मधल्या जाड खिळ्याभोंवतीं फिरतो, दांडा त्या आंसालाच जोडलेला असतो, आणि दांडा ज्या बाजूस वळेल त्या बाजूस पुढचीं चाकें वळतात. आंसावर दोन लोखंडी चकत्या एकमेकींवर टेकून फिरतात; कारागीर त्या जोडीस टर्नटेबल म्हणतात. मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया गाडीचीं पुढचीं चाकें वळतांना ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस ही रचना लगेच उमजेल. आमची गाडी ७ फूट लांब व ४ फूट रुंद आहे. द्राक्षाच्या दोन ओळींत ९ फुटांचें अंतर असलें, म्हणजे लहान ट्रॅक्टर व त्यामागें ही गाडी दोन्ही बाजूंचे घड न दुखवितां निघून जातात. २० किलोचे ४० क्रेट, म्हणजे ८०० किलो माल, एका खेपेस शेडपर्यंत येतो.

लहान ट्रॅक्टर व त्यामागें लहान गाडी ही जोडी अमेरिकेंत फार रुळलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें घरबागेच्या ट्रॅक्टरांचा प्रसार वाढला. 'व्हील हॉर्स' हा कारखाना सन १९४६ मध्यें निघाला. 'इंटरनॅशनल हार्वेस्टर'चा 'कब कॅडेट' सन १९६१ च्या सुमारास आणि 'जॉन डिअर'चा '११०' हा नमुना सन १९६३ मध्यें बाजारांत आला. त्या काळचे ट्रॅक्टर व गाड्या तेथले लोक आजहि खरवडून, रंगवून चालत्या ठेवितात. त्यांस तो बहुतेक हौसेचा विषय आहे. आपणांस तो पोटाचा आहे.

आतां दोनचाकी चांगली कीं चारचाकी, या वादांत आम्ही एकाच बाजूचे वकील होऊं इच्छीत नाहीं. काळ्या रानांत ओल असतां दोनचाकी ट्रॉली बरी, कारण तिचा भार ट्रॅक्टराच्या मागच्या चाकांवर पडून चाकें जमीन धरितात. चारचाकीमागें तींच चाकें जागच्या जागीं फिरत बसतात. परंतु लहान ट्रॅक्टराचें तोंड हलकें असतें. दोनचाकींत माल पुढच्या बाजूस जास्त झाला व चढ लागला, कीं पुढचीं चाकें हलकीं पडतात आणि स्टिअरिंग ऐकेनासें होतें. शिवाय सोडून ठेवितांना दोनचाकीस पुढें टेकू लागतो, तो निसटला तर ती तोंडावर येते. चारचाकी सोडली कीं जेथल्या तेथें सपाट उभी राहते, आणि ट्रॅक्टर औषध फवारणीस मोकळा होतो. तोडणीच्या दिवसांत ही सोय लहान नव्हे.

आतां ती हकीगत. तीन वर्षांपूर्वीं तोडणीच्या दिवसांत, दिवेलागणीस, आमचा पुतण्या भरलेली गाडी शेडच्या ओट्याशीं लावीत होता. गडी चाकाखालीं लावावयाचा दगड हातांत घेऊन गाडीच्या मागें डाव्या बाजूस उभा होता. पुतण्यास दोनचाकी ट्रॉलीची संवय. त्यानें स्टिअरिंग त्या संवयीनें फिरविलें, दांडा एकदम आडवा झाला, आणि गाडीची शेपूट डावीकडे वळली. अंधुक उजेडांत आरडाओरड ऐकूं येईपर्यंत मागचें चाक गड्याच्या पावलावर चढलें होतें. पायाचीं दोन हाडें मोडलीं. अडीच महिने तो माणूस खाटेवर होता. औषधपाणी व पगार आम्ही दिला, यांत आम्ही विशेष कांहीं केलें असें मानीत नाहीं. ऐन तोडणींत त्याच्या बायकोला एकटीला दोघांचें काम करावें लागलें, त्याची भरपाई कोणत्या खात्यांत लिहावी हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

घरांत सर्वांनीं पुतण्यास दोष दिला, आणि पुतण्यानें गाडीस. आम्ही दुसऱ्या दिवशीं उजेडीं गाडी पाहिली तेव्हां दोष कोणाचा तें दिसलें. दांड्याच्या टोंकाचें कडें झिजून त्याचें गोल भोंक लांबट झालें होतें; १ इंची पिन त्यांत दीड इंच मागेंपुढें खेळत होती. मधला खिळा इतका ढिला, कीं दांडा हातानें हालविला तर पुढचीं चाकें हालावयास क्षणभर वेळ लागे. हांकणाऱ्याचा हात आणि गाडीचें चाक यांत एवढें अंतर असल्यावर कोणता शहाणा ती गाडी नीट मागें घेईल? पुतण्यास विद्या नव्हती हें खरें. पण जी गाडी आम्हीं त्याच्या हातीं दिली तिच्यावर विद्या चालण्यासारखीहि नव्हती. दोष आमचा होता.

तेव्हां गाडी विकावी असें सर्वांचें मत पडलें. आम्हीं तें मानिलें नाहीं, आणि पावसाळ्याचे चार महिने तिच्या दुरुस्तीस घातले.

दुरुस्तीचा क्रम लोक बहुधा उलटा धरितात. प्रथम रंगाचा डबा आणितात. रंग हा शेवटीं. आम्हीं गाडी ठोकळ्यांवर घेऊन चारहि चाकें काढिलीं, तळाच्या फळ्या उचकटल्या आणि सांगाडा तारेच्या ब्रशनें उघडा केला. रंगाखालीं काय काय दडलेलें असतें तें पाहून थक्क व्हावें. तडे शोधण्याची एक जुनी युक्ति येथें देतों. संशयाच्या जागीं घासलेट लावावें, थोड्या वेळानें तें कोरड्या फडक्यानें पुसून टाकावें, आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आंत मुरलेलें घासलेट बाहेर येऊन पांढऱ्या पुडींत ओली रेघ उमटते. आमच्या गाडीस पुढच्या आडव्या पट्टीजवळ अशी चार बोटें लांब रेघ उमटली. वरून कांहींच दिसत नव्हतें.

वेल्डिंग करणाऱ्यास दोन गोष्टी बजावून सांगाव्या. एक, चाक बसवलेलें असतां आंसावर वेल्डिंग करूं नये. विजेचा प्रवाह बेअरिंगांतून गेला तर त्याचे रूळ खराब होतात. दुसरी याहून गंभीर आहे. टायर चढविलेला असतां चाकाच्या रिमवर वेल्डिंग कदापि करूं देऊं नये. आंतील हवा व रबर तापून टायर फुटतो, आणि तो बाँबसारखा फुटतो. हवा सोडली म्हणजे भागलें अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. टायर उतरवूनच काम करावें.

कडें आम्हीं भरून घेतलें नाहीं, नवेंच घातलें, आणि आंत बुश बसविला. बुश झिजला कीं तेवढाच बदलावा. मधला खिळा व त्याचा बुशहि नवा केला. टर्नटेबलच्या दोन्ही चकत्या घांसून स्वच्छ करून त्यांस भरपूर ग्रीस लाविलें. या चकत्यांच्या समोरासमोरच्या बाजू रंगवूं नयेत. आमच्या एका नातलगांनीं त्या हौसेनें लाल रंगविल्या. पुढें रंगाचे पापुद्रे ग्रीसमध्यें मिसळून वाळूसारखे घांसूं लागले.

चाकांचीं बेअरिंगें घासलेटानें धुवून, वाळवून, उजेडांत फिरवून पाहावीं. रुळांवर खड्डे किंवा निळी झांक दिसली तर बेअरिंग बदलावें, व त्याबरोबर तुंब्यांत बसणारी त्याची बाहेरची कडीहि बदलावी. जुन्या कडींत नवें बेअरिंग घातल्यानें पैसे वांचत नाहींत. ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या आंतपर्यंत दाबून भरावें, नुसतें वरून फांसूं नये. चाक फिरवीत फिरवीत नट घट्ट करावा, मग पिनेच्या पुढच्या खांचेपर्यंत किंचित् मागें घ्यावा, आणि पिन नवी घालावी. आमचे वडील बैलगाडीच्या आंसाला वंगण घालावयाचें दुसऱ्यावर कधीं सोंपवीत नसत. टायरांची नक्षी पाहून फसूं नये. उन्हांत उभ्या गाडीचा टायर न झिजतांच म्हातारा होतो. त्याच्या अंगावर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ते वाचून पाहावे, आणि बगलेंत चिरा असतील तर टायर टाकून द्यावा.

तळास बाभळीच्या फळ्या घातल्या. पत्रा घातल्यास त्याखालीं ओल राहून सांगाडा पुनः गंजतो. दोन फळ्यांत पाव इंच फट ठेविली, खिळ्यांऐवजीं वायसर घालून बोल्ट लाविले, व फळ्यांस जवसाचें तेल दोनदां पाजलें. मग रेड ऑक्साइड, मग रंग, आणि मागें दोन लाल परावर्तक. दांड्यापासून ट्रॅक्टरापर्यंत एक जाड साखळीहि जोडली, कारण पिन तुटली तर गाडी कोठें जाईल हें उतारच ठरवितो. एकंदर खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला. सारा जन्म आंकडे लिहिण्यांत गेल्यामुळें त्याची वही आम्हीं ठेविली आहे. कोणास पाहावयाची असल्यास दाखवूं.

आतां मागें घेण्याविषयीं. दोनचाकी ट्रॉलींत ट्रॅक्टर व ट्रॉली यांमध्यें एकच सांधा असतो. म्हणून तिची शेपूट डावीकडे न्यावयाची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावें लागतें. हा उलटा हिशेब आतां पोरांच्या हाडांत मुरलेला आहे. चारचाकीस सांधे दोन : एक हुकाशीं, दुसरा मधल्या खिळ्याशीं. पहिल्या सांध्यानें उलटें झालेलें दुसऱ्या सांध्यानें पुनः उलटें होतें, म्हणजे सुलटें होतें. येथें शेपूट डावीकडे न्यावयाची तर स्टिअरिंग प्रथम डावीकडेच फिरवावें. तेणेंकरून दांडा तिरपा होतो, गाडीचीं पुढचीं चाकें वळतात आणि शेपूट डावीकडे निघते. येथवर सोपें आहे. परंतु दांडा पुरेसा तिरपा झाला कीं लगेच स्टिअरिंग उजवीकडे घेऊन तो तिरपेपणा थोपवावा लागतो. क्षणभर उशीर झाला, तर दांडा ट्रॅक्टराच्या मागच्या चाकाला जाऊन भिडतो. आमच्या पुतण्याचें त्या सायंकाळीं हेंच झालें. पहिलाच हात उलटा पडला, आणि तो सांवरण्यापूर्वीं गाडी आडवी झाली.

सरळ मागें जाणेंहि येथें सोपें नाहीं. पुढें चालतांना गाडी आपोआप ट्रॅक्टरामागें सरळ होते. मागें जातांना बोटभर वांकडेपणा हां हां म्हणतां हातभर होतो. तळहातावर काठी उभी धरण्यासारखें हें काम आहे. काठी लांब असली तर सांवरावयास वेळ मिळतो, आंखूड असली तर मिळत नाहीं; आणि आपली गाडी आंखूड व ट्रॅक्टरहि आंखूड. म्हणून अगदीं हलक्या गिअरांत, स्टिअरिंग थोडें थोडेंच फिरवीत जावें. नजर शेपटीवर नव्हे, दांड्यावर ठेवावी, कारण बिघाड प्रथम तेथें दिसतो. आरंभ करण्यापूर्वीं दोन गाडीभर अंतर सरळ पुढें जाऊन सर्व एका रेषेंत आणावें. आणि वांकडें झालें कीं मागें रेटीत बसूं नये. पुढें जावें, सरळ व्हावें, पुनः मागें यावें. यांत लाज मानणारे पुष्कळ भेटतात. ओट्याशीं चार माणसें पाहत असतांना पुनः पुढें जाणें त्यांस कमीपणाचें वाटतें.

ज्यांस हें साधत नाहीं त्यांच्यासाठीं दोन सोयी आहेत. एक, टर्नटेबलच्या दोन्ही चकत्यांत आरपार भोंक पाडून त्यांत पिन घालणें. पुढचा आंस जखडला, कीं दोन सांध्यांचा एकच सांधा उरतो आणि गाडी दोनचाकीप्रमाणें वागते. परंतु मग वळतांना चाकें जमिनीवर फरपटतात. म्हणून ही सोय गाडी रिकामी असतां, सपाटीवर व जवळजवळ सरळ रेषेंत वापरावी. पुढें निघण्यापूर्वीं पिन काढणें विसरूं नये. आम्ही एकदां विसरलों, आणि नवा दांडा वांकवून बसलों. दुसरी सोय आम्हांस अधिक आवडते. ट्रॅक्टराच्या तोंडाला हूक लावून घ्यावा व गाडी पुढून ढकलावी. दांडा, चाकें, शेपूट, माणसें, सर्व डोळ्यांसमोर राहतें, मान मुरगळावी लागत नाहीं. हेंहि सपाट जागीं व हलक्या मालावरच करावें.

एका धोक्याचा उल्लेख राहिला. दांडा फार वळला असतां चारचाकी गाडीचा पाया पुढच्या बाजूस अरुंद होतो, जवळजवळ तिकाटण्यासारखा. अशा वेळीं उंच रचलेला माल असला तर ती सहज कलंडते. बांधाच्या कोंपऱ्यावर ट्रॅक्टर गर्रकन फिरविणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

रस्त्यावर गाडी नेणारांस कायदा स्मरावयास हवा. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत ट्रेलरचीहि गणना मोटार वाहनांत होते. ट्रॅक्टराचीं कागदपत्रें आहेत म्हणून मागची गाडी आपोआप पावन होत नाहीं. लग्नाच्या वऱ्हाडास मालाच्या गाडींत बसवून नेण्याची रीत तर साफ बंद झाली पाहिजे.

कांहीं मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, चांगला चालक ठेवावा म्हणजे झालें. चांगला चालक कोठून येतो? ट्रॅक्टर विकणारा तो चालवून दाखवितो, परंतु मागें चारचाकी गाडी जोडून ओट्याशीं लावून दाखविलेली आम्हीं तरी पाहिली नाहीं. पोरें हें काम कामावरच शिकतात, म्हणजे आपल्या गड्यांच्या पायांवर शिकतात. आमचें आपल्या मंडळास असें सांगणें आहे, कीं तोडणी सुरू होण्यापूर्वीं गांवोगांवीं एक दिवस याकरितां काढावा. सकाळीं प्रत्येक गाडीचें कडें, पिन, मधला खिळा व चाकें हालवून पाहावीं; ज्या गाडीची पिन कड्यांत खेळते ती त्या दिवशीं परत पाठवावी, मग मालक कितीहि मोठा असो. दुपारीं सपाट रानांत १० फुटांच्या अंतरानें फक्कीच्या दोन समांतर रेघा मारून, त्यांमधून रिकामी गाडी ५० फूट सरळ मागें न्यावयास सांगावें. ज्यास हें जमेल त्यानें मग रेघांबाहेर वळवून दाखवावें. आणि खुणा करणारा माणूस गाडीच्या मागें कधींहि उभा राहूं नये. हांकणाऱ्याच्या बाजूस, त्याच्या नजरेंत, दूर उभा राहावा. तो दिसेनासा झाला कीं गाडी थांबवावी, हा नियम पोरांस पहिल्या दिवशींच द्यावा.

आमचा पुतण्या हें सर्व एका पंधरवड्यांत शिकला. पहिले चार दिवस तो रोज फक्की पुसून टाकी व चिडे. आतां तो अंधार पडल्यावर गाडी ओट्याशीं लावीतच नाहीं. पुढच्या हुकानें ढकलावयाची असली तरी दिवा लावून घेतो.

आमच्या घराजवळील बाजरीचें रान कापणीनंतर रिकामें होतें, तें या कामास देण्यास आम्ही तयार आहों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं गाडी रिकामी आणावी, आणि साखळी बरोबर असावी. फक्की आम्ही मारून ठेवूं. खुणा करण्याचें काम आमच्या गड्यानें मागून घेतलें आहे. "अण्णा, उभं कुठं ऱ्हायचं त्ये मीच दावतो समद्यांस्नी," असें तो म्हणाला.